खुर्ची बाहेर काढण्याइतकं ऊन

ब्राझीलमध्ये महिनाभर राहून आले म्हटलं, की अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या माझ्या मराठी मैत्रिणी दोनच प्रश्न विचारतात. एक, तिथं सुरक्षित आहे का? आणि दोन, शाकाहारी मिळतं का? दोन्हींचं उत्तर 'जरा बघून राहिलं तर हो' असं आहे. तिसरा प्रश्न त्या माझ्या पाठीमागे एकमेकींना विचारतात, की सत्तरी ओलांडलेल्या आईला हिनं एवढ्या लांब कशाला नेलं? त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझी आई सांगलीची. गेली पस्तीसेक वर्षं ती घरात साड्यांना फॉल-पिको करून देते. त्यामुळे आमच्या घराचं दार दिवसा कधी बंद नसायचंच. पिशवीत साडी घेऊन येणारी बाई 'दोनच मिनिटं' म्हणून टेकायची आणि सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगून झाली की उठायची. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मी आईला तीन महिन्यांसाठी इकडे आणलं, तेही नेमकं डिसेंबरात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नेदरलँड्समधला डिसेंबर म्हणजे सकाळी उजाडता उजाडत नाही आणि दुपारच्या चहाला दिवे लावावे लागतात. मुलगा शिकायला ख्रोनिंगेनला. नवरा निखिल आठवड्यातले चार दिवस आइंडहोवेनला जाऊन-येऊन करणारा. मी घरीच, पण कानाला हेडफोन. आई खिडकीजवळ बसून ट्राम बघायची. दाराची बेल वाजली की लगबगीनं उठायची, आणि दारात असायचा कुरियरवाला, तोही शेजारच्या रियाबाईंचं पार्सल आमच्याकडे ठेवायला आलेला.

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तिनं अगदी शांतपणे सांगितलं, "मेधा, परतीचं तिकीट मार्चचं आहे ना? ठीक आहे. पण पुढच्या वर्षी बोलावू नकोस. मला इथं जमत नाही."

रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते. आई शांतपणे बोलते तेव्हा तिचं ठरलेलं असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी सांगलीला जाऊन राहायचं म्हटलं तर वर्षातले तीन आठवडे. ती इकडे येणारच नसेल, तर उरलेल्या आयुष्यात आम्ही एकमेकींना किती भेटणार होतो?

मी एकटीनं महिनाभर ब्राझीलमधल्या रेसिफेला जाऊन राहायचं त्याआधीच ठरलं होतं. लुसिया ही आमच्या इमारतीत आठ वर्षं राहिलेली मैत्रीण, इतिहासाची शिक्षिका. म्हाताऱ्या आईजवळ राहायचं म्हणून ती ब्राझीलला परत गेली होती आणि तिचं छोटं घर रिकामं होतं. मी एका रोपवाटिकेची वेबसाइट सांभाळते. ते काम कुठूनही होतं, आणि जानेवारीत ट्युलिपचे कंद काही कुणी विकत घेत नाही. दिवसभर कुलूपबंद घरात आईला एकटीला ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं. मग म्हटलं, आई, चल, तूपण.

रेसिफे

विमानप्रवासाचं काही सांगत नाही. माणूस बसतो आणि पाय सुजतात, एवढंच. शहराचं नाव तिथले लोक 'हेसीफी' असं काहीतरी घशातून काढतात. मी आपलं नकाशावर दिसतं तसं रेसिफे म्हणते. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे मोठं शहर. नद्या, पूल, आंब्याची झाडं, उंच इमारती आणि त्यांच्यामधून उरलेल्या जुन्या बैठ्या घरांच्या गल्ल्या. पावणेचारशे वर्षांपूर्वी डच लोक इथं पंचवीसेक वर्षं राज्य करून गेले आणि जाताना पूल ठेवून गेले. त्यामुळे मी हॉलंडहून आले म्हटलं की टॅक्सीवाल्यापासून फळवाल्यापर्यंत सगळे खूश होतात, आणि मग माझ्या सावळ्या चेहऱ्याकडे आणि आईच्या नऊवार नव्हे पण तितक्याच ठसठशीत सुती साडीकडे बघून विचारात पडतात. आम्ही तरी किती जणांना समजावणार? आम्ही डचच होऊन टाकलं.

लुसियाचं घर म्हणजे दोन खोल्या, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि मागे एक पेरूचं झाड. समोरच्या निळ्या घरात ती आणि तिची आई राहतात. आईचं नाव जोझेफा, पण सगळी गल्ली तिला दोना झेफा म्हणते. दोना म्हणजे आपल्याकडे वयस्कर बाईच्या नावामागे 'बाई' लावतात तसं. वय ऐंशी, उंची जेमतेम माझ्या खांद्याला, आवाज मात्र गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

माझं काम पहाटे पाचला सुरू व्हायचं, कारण तेव्हा तिकडे नेदरलँड्समध्ये नऊ वाजलेले. रेसिफेत सूर्यही त्याच सुमाराला उगवतो. मी लॉगिन करायचे, तो लॉगिन करायचा, आणि दुपारी एकला मी मोकळी. आयुष्यात पहिल्यांदाच कामाचा दिवस संपला तरी दिवस शिल्लक असायचा. म्हणून मी आमच्या दोघींचा व्यवस्थित तक्ता केला. सोमवारी किल्ला, मंगळवारी समुद्र, बुधवारी संग्रहालय, प्रत्येकाला दोन तास. तेरा वर्षं नेदरलँड्समध्ये काढल्यावर माणूस दुसरं काय करणार? तिथं सख्खी बहीणसुद्धा कॅलेंडर बघितल्याशिवाय कॉफीला येत नाही.

आई मंगळवारपर्यंत टिकली. समुद्रकिनाऱ्यावर शार्कपासून सावध राहण्याच्या पाट्या लावलेल्या होत्या. मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून तिला मागे ओढत होते. ती म्हणाली, "कृष्णेत मगरी नाहीत का? तिथं बायका धुणी धुतात." मग वाळूत बसून तिनं अख्खं शहाळं संपवलं, आतली मलई विक्रेत्याकडून खरवडून घेतली आणि उद्याचं संग्रहालय रद्द असल्याचं जाहीर केलं.

खुर्च्या

तिथं ऊन कलायला लागलं, की गल्लीतली प्रत्येक बाई आपली खुर्ची घेऊन दाराबाहेर येते. लोखंडी सांगाडा आणि त्यावर रंगीत प्लास्टिकच्या दोऱ्या गुंडाळलेल्या, अशी ती खुर्ची. आपल्याकडेही अशा असायच्या, पाठीवर वळ उठवणाऱ्या. फूटपाथवर अर्धगोल करून बायका बसतात. हातात विणकाम नाहीतर नुसताच पंखा. पुरुष येऊन-जाऊन असतात. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलूनच पुढे जातो. कुणाला कुणी बोलावत नाही आणि कुणी किती वेळ बसावं याला धरबंध नाही.

पहिल्या संध्याकाळी लुसिया म्हणाली की तुम्हीही कधीही या. मी लगेच फोन काढला आणि विचारलं, कोणत्या वारी? आठ वर्षं अ‍ॅमस्टेलव्हीनला राहिलेली ती, तिला माझं दुखणं बरोबर कळलं. ती पोट धरून हसली आणि तिनं आईसाठी आतून एक पिवळी खुर्ची आणून ठेवली.

आई बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी चार वाजल्यापासून तिची वेणीफणी सुरू. दोना झेफाला पोर्तुगीजशिवाय काही येत नाही, आईला मराठीशिवाय काही बोलायचं नसतं. अगदी अडलंच तर लुसिया मला डचमध्ये सांगायची, मी आईला मराठीत, आणि उत्तर उलट्या वाटेनं, म्हणजे सांगलीची बातमी गल्लीत पोचायला तीन भाषांचं तिकीट. पण बहुतेक वेळा त्यांचं अडायचंच नाही. दोना झेफा क्रोशानं लेस विणायची. आईनं पहिल्याच दिवशी तिच्या हातातलं विणकाम उलटं करून मागची बाजू तपासली. फॉल-पिकोवाल्या बाईची ती सवय आहे. वरून सगळेच छान करतात, खरं काम मागच्या बाजूला कळतं म्हणते ती. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ निघाली. आईनं मान डोलावली आणि त्या क्षणापासून दोघींचं गूळपीठ जमलं.

मला मात्र बसता यायचं नाही. खुर्चीवर टेकून पाच मिनिटं झाली की हात फोनकडे जायचा, आणि मनात यायचं, आता आपण यांचा फार वेळ तर घेत नाही ना? मी उठून आईलाही उठवायचे. चल, त्यांना स्वयंपाक असेल. आई जागची हलायची नाही. एकदा तिनं सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं, घड्याळ काढलं आणि आपल्या बटव्यात टाकलं.

एके दिवशी दुपारी काम संपवून बघते तर आई घरात नाही. फोन टेबलावर, चपला नाहीत. समोरचं निळं घरही बंद. परक्या देशात, भाषा येत नसलेली बाई, नि रस्त्यावर बेफाम धावणाऱ्या मोटरसायकली. मी गल्लीतून धावत सुटले, तोंडानं रामरक्षा म्हणत, आणि ती अर्धीच आठवत होती. कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्यानं मला बघितलं आणि न विचारता बाजाराच्या दिशेनं बोट केलं. तिथं सीताफळांच्या ढिगासमोर आई आणि दोना झेफा उभ्या. आई डोळे न उघडलेलं एकेक सीताफळ बाजूला काढत होती आणि विक्रेत्याला मराठीत सुनावत होती, "हे पिकायचं कधी? मी सांगलीला गेल्यावर?" तो बिचारा हसत हसत तिला पिकलेलं शोधून देत होता. माझा जीव भांड्यात पडला.

"सांगून जायचं नाही का?" मी ओरडले.

"ती हाक मारायला आली," आई म्हणाली. "हाक मारल्यावर जायचं नाही का?"

परत येताना तिघींनी उसाचा रस घेतला. हा भागही उसाचाच. आईनं एक घोट घेतला आणि सांगलीकराला शोभेल असा निकाल दिला, की ऊस चांगला आहे, पण आलं-लिंबू घालायचं यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ती आल्याचा तुकडा बटव्यात घालूनच निघाली. रसवाल्यानं तो उसाच्या कांड्याबरोबर चरकात घातला, चाखला, आणि त्यानंतर आम्ही दिसलो की आलं मागायला लागला.

दोना झेफाचा वाढदिवस

खाण्याबद्दल मी एवढी निर्धास्त होईन असं वाटलं नव्हतं. कोपऱ्यावर एक बाई गाडी लावायची. ती तापलेल्या तव्यावर कसाव्याचं पांढरं ओलसर पीठ मुठीनं भुरभुरायची. ते आपोआप चिकटून त्याचं घावन व्हायचं, मग त्यात ओलं खोबरं आणि चीज. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. आईनं पहिला घास घेतला आणि डोळे मोठे केले. "हे तर उपासाला चालेल," ती म्हणाली. त्याखेरीज मक्याच्या भरड्याचा वाफवलेला सांजा, काजूच्या बोंडांचं सरबत, पेरूचा जॅम थराथरांत लावलेला केक. वजनाचं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही.

तर वाढदिवस. लुसियानं शनिवारी संध्याकाळी सातला या म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी आईची एकादशी. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही आणि आपल्यालाही खायला काही हवं, असा दुहेरी विचार करून तिनं पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली. साबुदाणा तिनं अर्थातच सामानातून आणला होता. जिथून तो जगभर गेला तिथं तो सांगलीहून नेणारी माझी आई एकटीच असेल.

बरोबर सातच्या ठोक्याला आम्ही समोरच्या घराची कडी वाजवली. नेदरलँड्समध्ये सातला सांगितलं आणि सात-पाचला गेलं, तर उशीर झाल्याबद्दल क्षमा मागावी लागते. दार उघडलं दोना झेफानं, केसांत गुलाबी रोलर, अंगावर गाऊन. आमच्याकडे ती अशी बघत राहिली, जणू आम्ही काल रात्री येऊन थांबलोय. आतून न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज आणि लुसियाचं गाणं. टेबलावर न फुगवलेले फुगे, ओट्यावर न सोललेली मक्याची कणसं. तिथल्या रिवाजानं सातचं बोलावणं म्हणजे सातला यजमानीण आंघोळीला जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वेळेवर जाणं हाच तिथं आगाऊपणा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही नंतर येतो, असं मी हातवारे करून सांगत मागे सरकले आणि पाहते तर आई शेजारी नाही. ती पातेलं घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली होती. पदर खोचलेला, आणि हातात कणीस. लग्नघरी आधी पोचलेली बाई करते तेच ती करत होती. दोना झेफा रोलरसकट तिच्यामागे धावली, तिच्या हातातलं कणीस काढून घ्यायला लागली. आई सोडेना. दोघींची थोडी ओढाताण झाली. मग दोना झेफा एकदम हसत सुटली आणि तिनं दुसरं कणीस उचललं. मी मुकाट्यानं फुगे फुगवायला बसले. नऊच्या पुढे पाहुणे यायला लागले, तेव्हा आई चुलीपाशी घरातलीच असल्यासारखी उभी होती, आणि आल्यागेल्याला ताटल्या तीच देत होती.

केक कापल्यावर पेच आला. आई केक घेईना. दोना झेफानं पहिला तुकडा तिच्यासाठीच काढलेला. तिचा चेहरा पडला. मी लुसियाला डचमध्ये एकादशी समजावून सांगितली, की आज आईला उपास आहे, म्हणजे जेवण नाही, फक्त ठरावीक पदार्थ. लुसियानं ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं. दोना झेफानं आईच्या ताटलीकडे पाहिलं. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, मिरची, वर तुपाची धार. तिनं एक चमचा खाल्ला, मग आणखी एक, आणि काहीतरी म्हणाली. सगळी खोली हसली.

लुसियानं मला सांगितलं, "आई म्हणते, याला तुम्ही उपास म्हणता, तर सणाला काय खाता?"

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मी डचमध्ये कशीबशी सांगितली. मग लुसियातली इतिहासाची बाई जागी झाली. तिनं ताटलीतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवलं. कसावा इथला. शेंगदाणा इथला. मिरची याच खंडातली, बटाटा पलीकडच्या डोंगरातला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आणि आणखी कुठून कुठून हे सगळं तुमच्याकडे गेलं. मी आईला मराठीत सांगितलं. देवाच्या उपासाचा अख्खा फराळ परदेशी निघाल्यावर एखादी दुखावली असती. आईनं दोना झेफाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांग तिला. इतकी वर्षं तुझं खातेय, आज परत करायला आले."

हे वाक्य मी डचमध्ये सांगितलं आणि लुसियानं पोर्तुगीजमध्ये. दोना झेफानं केकचा तो तुकडा फडक्यात बांधून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, सकाळी सकाळी घेऊन आली.

निघायच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही दोघीच लवकर बाहेर येऊन बसलो होतो. तोवर मलाही बसता यायला लागलं होतं. नदीवरून वारा येत होता. मी न राहवून विचारलं, "आई, आमच्याकडे तुला काय कमी पडलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुझ्या घरात मला काही कमी नाही. निखिलराव तर मुलासारखं करतात. पण तिथं दिवसभर मीच तुमची वाट बघायची. माझी वाट कोण बघतं? इथं मी यायला उशीर केला, तर ही म्हातारी रस्त्यातून हाका मारते."

तेवढ्यात समोरून हाक आलीच, आणि आई खुर्ची ओढत तिकडे गेली. मी तिथंच बसून रडले, अगदी मनसोक्त, आणि रसवाला मला बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेला.

निरोपाच्या दिवशी दोना झेफानं आईला लेसची एक पट्टी दिली, आईनं तिला आपली निळी इरकल दिली, फॉल लावलेली. खुर्च्या आत नेताना पिवळी खुर्ची मात्र दोना झेफानं हलवू दिली नाही. ती दाराशीच राहील म्हणाली.

अ‍ॅमस्टेलव्हीन

परत आलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. चार-पाच दिवस आई पुन्हा खिडकीशी. आईचं मार्चचं तिकीट फ्रिजवर चुंबकानं लावलेलं होतं. मी तिकडे बघायचं टाळायचे.

मग एके दिवशी ऊन पडलं. आमची इमारत जुनी, प्रत्येक मजल्याच्या घरांची दारं एका लांब उघड्या गॅलरीत उघडतात. चाळीसारखीच रचना, फक्त चाळीतली माणसं वजा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची फरशीवरून सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं, गार वारा आत आला. पाहते तर आईनं खुर्ची गॅलरीत टाकलेली. अंगात माझा हिवाळी कोट, डोक्याला निखिलची लोकरी टोपी, मांडीवर निवडायला मेथी.

लिफ्टपाशी इमारतीची पाटी आहे, गॅलरीत कोणतीही वस्तू ठेवू नये. आग लागली तर वाट मोकळी हवी. इथं पाटी म्हणजे पाटी. मी मीटिंगचा आवाज बंद करून धावले आणि तिला पाटीवर काय लिहिलंय ते सांगितलं.

"मी वस्तू आहे का?" तिनं विचारलं. "बसलेय तोवर बसलेय. उठले की खुर्ची आत."

यावर डच कायद्यातसुद्धा उत्तर सापडलं नसतं. मी परत मीटिंगला गेले, पण कान बाहेर होते. थोड्या वेळानं चाकं असलेल्या बाजाराच्या पिशवीचा खडखडाट ऐकू आला. रियाबाई. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. अकरा वर्षांत मी त्यांच्याकडे चार-पाच वेळा कॉफीला गेले असेन, तेही दोन-तीन आठवडे आधी ठरवून, एका कॉफीबरोबर एक बिस्किट, आणि डबा परत कपाटात. पिशवीचा आवाज दारासमोर थांबला. आता त्या नियम सांगणार, असं मी गृहीत धरलं.

"सेंता," आईचा आवाज आला. पोर्तुगीजमध्ये 'बस'. महिनाभर दोना झेफाकडून रोज ऐकलेला शब्द. परदेशातल्या बाईशी परदेशी बोलायचं, एवढं तिला कळत होतं. आणि तिनं आतून दुसरी खुर्ची आणलेली मी कॅमेऱ्यासमोर बसून बघितली.

रियाबाई बसल्या. मीटिंग संपवून मी चहा घेऊन गेले, तेव्हा त्या मेथी निवडत होत्या, चुकीची, देठांसकट. आई त्यांच्या पुढ्यातली पुन्हा निवडत होती. दुसऱ्या दिवशी ऊन आलं आणि बेल वाजली. दारात कुरियरवाला नव्हता, स्वतःची खुर्ची घेऊन रियाबाई उभ्या होत्या. काही न ठरवता. पाऊस असला तर त्या काचेवर टकटक करून आभाळाकडे बोट दाखवायच्या आणि दोघी मान हलवायच्या.

आई निघायच्या आदल्या दिवशी रियाबाईंनी आम्हाला त्यांच्याकडे बोलावलं. या वेळी बिस्किटांचा डबा टेबलावर उघडाच होता. इथं घरोघरी वाढदिवसांचं कॅलेंडर असतं आणि ते टांगलेलं असतं संडासात, म्हणजे रोज सगळ्यांची आठवण होते. ते काढून आणून त्यांनी मला आईचा वाढदिवस विचारला. मी पासपोर्टवरची तारीख सांगितली, एक जून.

आईला 'जून' कळला. "तो मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेला," ती म्हणाली. "माझा खरा नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी."

तो दिवस चंद्रावर ठरतो, बहुतेक ऑगस्टात येतो आणि दरवर्षी सरकतो, हे मी रियाबाईंना समजावलं. छापील चौकटींच्या कॅलेंडरला हे झेपणारं नव्हतं. त्या जरा विचारात पडल्या. मग त्यांनी पेन ठेवून पेन्सिल घेतली.

"मी ऑगस्टात पेन्सिलीनं लिहिते," त्या म्हणाल्या. "दरवर्षी खोडून नवीन तारीख लिहीन. ती असेल ना इथं तेव्हा?"

मी आईकडे वळले. हे एवढंसं वाक्य मराठीत करायला मला फार वेळ लागला. 'दरवर्षी' हा शब्द मी तसाच ठेवला.

आईनं संडासातल्या त्या कॅलेंडरवर आपलं नाव कसं दिसतंय ते वाकून बघितलं. रियाबाईंनी ते मागच्या बाजूनंही उमटेल इतकं दाबून लिहिलं होतं.

"ऑगस्टात ऊन असतं का?" तिनं मला विचारलं. "खुर्ची बाहेर काढण्याइतकं?"

"असतं, आई."

"मग सांग तिला," आई म्हणाली. "साबुदाणा मी आणते."